डाव्या डब्यातलं कार्ड

सोमवार, ५ फेब्रुवारी

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली आणि आज पुन्हा आठवीच्या वर्गात उभी राहिले. खडू कुठे सापडेना. एक पोरगी म्हणाली, "मिस कोरीन, आता मार्कर असतो." असू दे मेला. किती घाण वास येतो त्याला!

आधीचे सर नाताळच्या सुट्टीत जे गेले ते परत आलेच नाहीत. एप्रिलमध्ये राज्याची परीक्षा आहे, अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार, शंभर प्रश्न. मुख्याध्यापक टार्पली घरी आले, लिंबाचा केक दोनदा मागून खाल्ला आणि मग हळूच म्हणाले, "आपल्या मार्लो काउंटीत हा विषय तुमच्यासारखा कुणी शिकवलेला नाही." खोटं कशाला लिहू, मला गुदगुल्या झाल्या. बहात्तर वर्षांची बाई, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, दिवसभर खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या मांजराशी भांडणारी. कुणीतरी बोलावलं, हेच खूप होतं.

जुनी पद्धत पुन्हा काढली. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे. उजव्यात सोप्या प्रश्नांची कार्डं, डाव्यात अवघड. पोराकडे एकदा बघायचं, त्याचा वकूब ओळखायचा आणि त्या त्या डब्यातलं कार्ड काढून हातात द्यायचं. पोराने उभं राहून उत्तर द्यायचं. छत्तीस वर्षांत माझा अंदाज क्वचितच चुकला असेल. ही पद्धत मूळ बाबांची.

टार्पली म्हणाले, तुमचे शंभर प्रश्न उत्तरांसकट पुस्तिकेत छापू, काउंटीतल्या सगळ्या शाळांना वाटू. आणि मार्चअखेर प्रश्नमंजूषा घेऊ, तिला तुमच्या वडिलांचं नाव देऊ. वेंडेल स्ट्रोदर पदक! घरी येऊन गाडीतच पाच मिनिटं रडले.


बुधवार, ७ फेब्रुवारी

बाबांबद्दल पुस्तिकेत अर्धं पान लिहून द्यायचंय. काय लिहू आणि काय नको असं झालंय.

बाबा काउंटीचे कारकून होते. न्यायालयाच्या तळमजल्यावर त्यांचं टेबल. मतदारांची नावं नोंदवायची मोठी वही त्यांच्या ताब्यात. मोठ्या आवाजात बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नाही. मला गोवर निघाला तेव्हा आई नाही, बाबा तीन दिवस उशाशी बसले होते.

रविवारी प्रार्थना आटोपून जेवणं झाली की आई भांडी उचलायची आणि आमचा खेळ सुरू व्हायचा. बाबा राज्याची घटना उघडायचे. एकेक कलम स्वच्छ अक्षरात कार्डावर उतरवलेलं असायचं. ते मला वाचायला द्यायचे आणि विचारायचे, "बोल कोरीन, याचा अर्थ काय?" मला सांगता आला तर एक पेपरमिंट, आणि ते कार्ड सिगारच्या उजव्या खोक्यात. नाही आला तर डाव्या खोक्यात. "हरकत नाही, बाळ. पुढचा!" असं म्हणायचे. पहिलं कार्ड अजून पाठ आहे. सगळी सत्ता लोकांची आहे आणि लोकांकडूनच येते. माझं वय तेव्हा दहा-अकरा. मी म्हटलं, "म्हणजे राजा नाही, आपणच मालक." बाबा इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

आठवी-नववीतल्या पोरांना जे येत नाही ते मला अकराव्या वर्षी यायचं, ते या खेळामुळे. हे सगळं अर्ध्या पानात कसं बसवायचं?


मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज डोकं फिरलं. जनेसा पिकेट म्हणून एक मुलगी आहे, तेरा वर्षांची, दुसऱ्या बाकावर बसते. हुशार आहे, पण जीभ कात्रीसारखी. मी तिला सेनेटवरचं कार्ड दिलं. तिने घेतलं, पण उभी राहिली नाही.

"मिस कोरीन, एक विचारू? तुम्ही मला नेहमी डाव्या डब्यातलं का देता?"

"कारण तू हुशार आहेस."

"मग मार्कसला? डिऑनला? तेही हुशार का?"

मार्कसला कुणी हुशार म्हणेल असं मार्कसलाही वाटलं नसावं. तो स्वतःच हसला. मग सगळा वर्ग हसला, पण मला वाटतं सगळे एकाच गोष्टीला हसत नव्हते.

"मी चेहरे बघून कार्डं देत नाही," मी म्हटलं. "छत्तीस वर्षं शिकवलंय. मला पोराचा वकूब कळतो."

"येस मॅडम," ती म्हणाली. ते मॅडम मला चपराकीसारखं लागलं. आजकालच्या पोरांना सगळीकडे तेच दिसतं. त्यांना कुणी तरी तसं बघायला शिकवतं. मी तर शाळेत गोरी-काळी पोरं एकत्र आल्यावरच शिकवायला लागले, कधी भेद केला नाही.


शुक्रवार, १६ फेब्रुवारी

घरचा अभ्यास दिला: घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, तुम्ही पहिलं मत कधी दिलं? एक पान लिहून आणा. टार्पलींना कल्पना फार आवडली. पुस्तिकेच्या शेवटी एक-दोन उतारे छापू म्हणाले. जनेसाची जीभ जरा गोड व्हावी म्हणून तिला म्हटलं, तुझं पहिलं वाचू.


गुरुवार, २२ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

जनेसाने वाचलं. तिची पणजी ओझेला, आता शहाऐंशी वर्षांची. तिने पहिलं मत सहासष्ट साली दिलं. पण त्याआधी बासष्टच्या ऑक्टोबरात ती आणि तिचा नवरा लेव्ही नावं नोंदवायला न्यायालयात गेले होते. लेव्ही कोरियाच्या लढाईत जाऊन आलेला. त्याने त्या दिवशी पदकं लावली होती. तेव्हा मतदार व्हायचं तर घटनेच्या कलमाचा अर्थ सांगावा लागायचा, आणि कलम कुठलं ते तिथले साहेब ठरवायचे. त्यांनी दोघांना दोन तास उभं ठेवलं. मग म्हणाले, "अरे लेव्ही, या कलमाचा अर्थ सांग," आणि एक कार्ड पुढे केलं.

जनेसाने इथे मान वर केली. म्हणाली, "पणजी म्हणते, कार्ड हातात घेऊन लेव्ही तिच्याकडे बघून हसला. कारण अक्षर लहान मुलाचं होतं. कोपऱ्यात एक चांदणी काढलेली होती, पाच टोकांची, आत रंग भरलेली. तो तिच्या कानात म्हणाला, 'लेकराने लिहिलंय, म्हणजे सोपंच असणार.'"

सोपं नव्हतं. तो नापास झाला. त्यामुळे ओझेलाला विचारलंच नाही. दोघांची नावं आठवड्याच्या पेपरात छापून आली, तशी नोंदवायला गेलेल्या सगळ्यांचीच यायची. शुक्रवारी कापसाच्या जिनिंग कारखान्याने त्याला कामावरून काढलं. कुणीच ठेवेना, म्हणून तो डेट्रॉइटला गेला. तिथे दुसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनियाने मेला. पासष्ट साली कायदा बदलून ही परीक्षा बंद झाली, तेव्हा तो मरून वर्ष उलटलं होतं.

"पणजी म्हणते," जनेसाने शेवटची ओळ वाचली, "ते लेकरू कोण होतं, एवढं मला मरायच्या आधी कळायला हवं."

 मला कुठून तरी पेपरमिंटचा वास आला. मी विचारलं, वर्गात गोळी कोण खातंय? कुणीच खात नव्हतं. तीनदा विचारलं. मार्कसने बिचाऱ्याने तोंड उघडून दाखवलं.

चांदण्या सगळीच पोरं काढतात. माझ्या वर्गात अर्ध्या वह्यांवर चांदण्या असतात.


शनिवार, २४ फेब्रुवारी

सकाळी दहाला सिंकपाशी बशा धूत होते. लख्ख ऊन होतं. मागे खुर्ची सरकली आणि स्पष्ट ऐकू आलं, "पुढचा."

वळून बघितलं. कुणी नव्हतं. असणार कोण? खुर्ची मात्र टेबलापासून हातभर लांब होती. मीच तशी ठेवली असेन.

बाबांचं सामान गॅरेजमध्ये लोखंडी पेटीत आहे. ते गेल्यापासून, म्हणजे एकतीस वर्षं, मी ती उघडलेली नाही. जुनी कागदपत्रं असतील. काय करायचंय उघडून?


सोमवार, २६ फेब्रुवारी

एक आठवण लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

तो रविवार होता. मला सगळी कार्डं यायला लागली होती आणि पेपरमिंट खाऊन तोंड आलं होतं. बाबा वैतागले होते. रागावले नव्हते, पण विचारात होते. "कोरीन, तू फारच हुशार झालीस," म्हणाले, "आता मला कुणी अवघड देणारं हवं." मला काय, चेव आला. घटनेचं पुस्तक घेतलं आणि जमिनीवर पालथी पडून संपूर्ण दुपार शोधत बसले. नदीच्या बांधांविषयी एक कलम सापडलं, एकच वाक्य, पान उलटलं तरी संपेना. ते माझ्या हाताने कार्डावर उतरवलं. अक्षर मावेना म्हणून बारीक बारीक करत गेले. कोपऱ्यात सही म्हणून चांदणी काढली आणि पिवळा खडू भरला. बाबांना म्हटलं, "हे विचारा. हे कुणालाच येणार नाही!"

त्यांनी वाचलं. माझ्या कपाळाचा मुका घेतला. मला आभाळ ठेंगणं झालं.

कुणाला विचारा, हे मी म्हटलं नव्हतं. मला वाटलं होतं, खेळ माझ्यासाठी आहे.


मंगळवार, २७ फेब्रुवारी

सुट्टीत जनेसा टेबलापाशी आली. हातात वहीचं पान. तेरा तारखेपासून तिने रोज टिपून ठेवलं होतं, कुणाला कुठल्या डब्यातलं कार्ड मिळालं. एका बाजूला नावं, समोर "डा" आणि "उ".

"तुम्ही म्हणालात ना, मिस, की पुरावा असल्याशिवाय विधान करायचं नाही. म्हणून आणला."

पान ठेवून गेली. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

मी नावं वाचली. मार्कस, डावा. डिऑन, डावा. जनेसा, डावा, डावा, डावा. केट्लिन, जिला वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होते की शहर एवढंही धड सांगता येत नाही, उजवा. सगळं पान तसंच, काळ्या पोरांना डावा, गोऱ्यांना उजवा. एकही नाव उलट नाही. मी स्वतः डब्यात हात घालते, माझे डोळे उघडे असतात. मग कोण ठरवतं?

छत्तीस वर्षं झाली हे. पोरं किती झाली असतील?


शुक्रवार, १ मार्च

टार्पली पदकाचं चित्र घेऊन आले. गोल, मध्ये न्यायालयाची इमारत, कडेने बाबांचं नाव. "काय सुरेख दिसतंय, नाही?" म्हणाले. मी म्हटलं, सुरेख आहे.

झाकली मूठ. उघडली तर काय राहणार? बाबांचं नाव गेलं की माझ्याकडे बाबांचं काहीच उरत नाही. आणि सांगायचं तरी कुणाला? ती बाई शहाऐंशी वर्षांची. तिला आता शांतपणे जगू द्यावं, असंही म्हणता येतंच की. मी दिवसभर तसंच म्हणत होते.

दुपारी डाव्या डब्याला हात लावला आणि बोटं चिकटली. पेपरमिंट वितळल्यासारखं काहीतरी. साबणाने धुतली, वास जात नाही.


रविवार, ३ मार्च

प्रार्थनेला गेले नाही. पेटी उघडली.

दोन्ही सिगारची खोकी आहेत. सुतळीने बांधलेली. वर बाबांच्या अक्षरात काही नाही, पण मला कुठलं कुठलं ते बघताक्षणी कळलं. उजवं घासून गुळगुळीत झालेलं. डावंही.

उजव्यातलं वरचं कार्ड, सगळी सत्ता लोकांची. मागे पेन्सिलीने नावं. आमच्या चर्चमधली नावं. माझ्या दंतवैद्याचे वडील. माझ्या सासूबाई. प्रत्येकासमोर बारीक "पास". कार्डाच्या तळाशी: "को.ला आलं."

डाव्यातलं प्रत्येक कार्ड उलटलं. तळाशी: "को.ला आलं नाही." "को.ला आलं नाही." "को. अडली, चांगलं आहे." नावांपुढे प्रत्येक ठिकाणी "नापास". मागच्या ओळी भरल्या म्हणून समासात उभी नावं.

माझं कार्ड सर्वांत खाली होतं. पिवळा खडू अजून निघालेला नाही. मागे सतरा नावं. नववं नाव लेव्ही पिकेट. तळाशी लिहिलंय, "को.ने स्वतः शोधलं. उत्तम."

बाबांनी मला आयुष्यात दिलेली सर्वांत मोठी शाबासकी ती आहे, आणि मी ती आज वाचली.


मंगळवार, ५ मार्च

शाळेत गेले नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही.

गोवरातला तो माणूस आणि कार्डामागे लिहिणारा माणूस एकच, हे डोक्यात बसत नाही. दोघांचा हात एकच. तोच हात कपाळावर ठेवायचा. मला त्यांचा राग येतो आणि लगेच त्यांची आठवण येते, आणि मग राग स्वतःचा येतो. मी अकरा वर्षांची होते, असं मी स्वतःला सांगते. खरं आहे. पण एक्केचाळीस वर्षांची असताना त्यांना पुरलं, तेव्हा पेटी माझ्या हातात होती. बहात्तरची झाले तरी पेटी गॅरेजमध्येच. काहीच ठाऊक नव्हतं, असं म्हणवत नाही. ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

खुर्ची आज सरकली नाही. मी मुद्दाम दिवसभर स्वयंपाकघरात बसले होते. "बोला ना बाबा," असं मोठ्याने म्हटलंसुद्धा. बोलले नाहीत.

जायला हवं. पदक गेलं तरी जायला हवं.


रविवार, १० मार्च

सगळं जसं झालं तसं लिहिते.

जनेसाने दार उघडलं. माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पणजी, शाळेच्या मिस कोरीन आल्यात," म्हणाली आणि बाजूला झाली.

ती खिडकीशी बसली होती, मांडीवर वाटाण्याच्या शेंगा, सोलत. चर्चची टोपी अजून डोक्यावर. मी तिला ओळखलं. कर्म माझं! आमच्याच शाळेच्या स्वयंपाकघरात ती तेवीस वर्षं होती. तिच्या हातचं कॉर्नब्रेड मी रोज खाल्लंय. "ओझेला, आज जरा जास्त बटर," असं रोज म्हणायचे. तिचं आडनाव मी कधी विचारलं नव्हतं.

"बसा, बाई," ती म्हणाली. "आज बटर मागायला आलात का?"

मला हसू आलं नाही. तिलाही आलं नसावं. मी खोकं उघडलं, कार्ड काढलं, तिच्या समोर धरलं. घरातून निघताना बोलायचं सगळं ठरवलं होतं. एवढंच तोंडातून बाहेर पडलं, "मिसेस पिकेट, ते लेकरू मी होते."

तिने कार्ड घेतलं नाही. चांदणीकडे बघत राहिली. शेंगा सोलायचं थांबलं.

"स्ट्रोदरसाहेबांची पोर," ती म्हणाली. "म्हणजे तूच. तेवीस वर्षं तुला जेवायला वाढत होते मी."

"मला माहीत नव्हतं, कशासाठी विचारतात ते."

"तेव्हा नसेल माहीत."  मग जनेसाला म्हणाली, "पोरी, चष्मा दे माझा. नको, राहू दे. तू वाच," हे मला. "तुझंच अक्षर आहे. मोठ्याने वाच."

मी वाचलं. ते लांबलचक वाक्य, नदीचे बांध, मंडळ, जमिनी, अमुक असल्यास आणि तमुक नसल्यास. दोनदा श्वास घ्यायला थांबावं लागलं. अर्ध्यात आवाज माझा राहिला नाही. हळू, शांत, प्रत्येक शब्द सुटा. बाबांसारखा. तिनेही तो ओळखला, कारण तिने शेंगांची परडी घट्ट धरली.

वाचून झालं. ती उठून उभी राहिली. जनेसा धरायला आली तर तिला हाताने बाजूला केलं. खुर्चीचा आधार न घेता सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "उत्तर देते. लेव्हीच्या वतीने."

आणि तिने उत्तर दिलं. म्हणाली, "नदीचा बांध बांधायला कुणाची जमीन लागली तर ती तशीच घ्यायची नाही. आधी त्याला कळवायचं. मग तिचं मोल ठरवायचं. आणि ठरवणारा माणूस असा असावा की ज्याला त्यातून काही मिळणार नाही. ज्याचं काम अडलंय त्यानेच निवाडा करायचा नाही. एवढंच म्हणतंय ते. उरलेलं सगळं वकिलांचं तोंड वाजवणं आहे."

"कुठे शिकलात?" मी विचारलं.

"शाळेत. तुझ्याच. भांडी घासून झाली की वाचनालयात जायचे. पुस्तक जाड होतं, कलमाचा आकडा ठाऊक नव्हता, पण लेव्हीने बाहेर पडताना दोन शब्द सांगितले होते, नदी आणि बांध. चार महिने लागले सापडायला. मग एक एक शब्द. कायदा तोवर बदलला होता, पण पुन्हा कुणी विचारलं तर यायला हवं म्हणून. कुणी विचारलंच नाही. चाळीसएक वर्षं उत्तर तोंडात घेऊन बसलेय."

ती माझ्याकडे बघत होती. "आता सांग. पास की नापास?"

मी कार्डाकडे पाहिलं. ओळी बारीक होत गेलेल्या. पहिल्यापासून वाचलं. पुन्हा वाचलं. ती उभीच होती. छत्तीस वर्षं राज्यकारभार शिकवलेली बाई मी, आणि त्या वाक्याचा अर्थ मला लागत नव्हता. तिचं उत्तर मला बरोबर वाटत होतं. पण बरोबर आहे की नाही याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. अकराव्या वर्षीही नव्हतं.

"मला माहीत नाही, मिसेस पिकेट," मी म्हटलं. "मला हे कधीच आलं नाही."

"हं," ती म्हणाली. मग खाली बसली. "तुझ्या बापालाही येत नव्हतं. लेव्हीने उत्तर दिलं होतं, माहितीय? दिलं होतं काहीतरी. साहेबांनी ऐकलंसुद्धा नाही. ते त्या चांदणीवरून अंगठा फिरवत होते. मायेने."

मला रडू फुटलं. तिने मला रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. थोड्या वेळाने पुन्हा शेंगा सोलायला लागली.

"कार्ड इथे ठेव," म्हणाली. "माझ्याबरोबर पुरायचंय ते. बाकीची कार्डं शाळेत ने आणि पोरांना सांग. सगळं सांग. माझ्याकडे रडून घरी गेलीस तर त्याचा कुणाला काही उपयोग नाही."


सोमवार, ११ मार्च

सकाळी आधी टार्पलींना सांगितलं. खोकी टेबलावर ठेवली. ते बराच वेळ कार्डं उलटत होते. एका कार्डामागे त्यांना स्वतःच्या आजोबांचं नाव सापडलं. पास. पदकाचं चित्र त्यांनी घडी घालून खणात ठेवलं आणि तो विषय तिथेच संपला. पुस्तिकेतलं माझं अर्धं पान मी मागून घेतलं. त्या जागी दुसरं लिहीन.

मग वर्गाला सांगितलं. बाबा, रविवारचा खेळ, पेपरमिंट, चांदणी, कार्डांमागची नावं. माझे दोन डबे आणि जनेसाचं पान. तिने टिपलेलं सगळं खरं आहे, हेही सांगितलं. मार्कसने विचारलं, "मिस, म्हणजे मी हुशार नाहीच ना?" तेवढंच कुणीतरी हसलं. केट्लिन रडत होती, पास झालेल्यांत तिच्या पणजोबांचंही नाव होतं. बाकीच्यांनी वह्या उघडल्या. मी त्यांच्याकडून काय अपेक्षा केली होती कोण जाणे.

बोलून झाल्यावर सगळ्यांसमोर दोन्ही डबे टेबलावर रिकामे केले, कार्डं पिसली आणि एकाच डब्यात भरली. म्हटलं, आजपासून मी देणार नाही, आपापलं काढायचं. डोळे मिटून.

जनेसा पहिली आली. डोळे मिटले, हात घातला, कार्ड काढलं. माझंच अक्षर, मोठं, सरळ. आपल्या देशात सत्ता कुणाकडून येते? डब्यातला सर्वांत सोपा प्रश्न. तिला उत्तर दुसरीपासून येतं. एवढ्या दिवसांत तिच्या वाट्याला एकदाही आला नव्हता.

तिने ते दोनदा वाचलं. वर्ग वाट बघत होता. मी म्हटलं, "सोपंय जनेसा. बोल."

तिने माझ्याकडे पाहिलं. "खरंच सोपंय, मिस? की यात काही आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. "सोपंच आहे."

तरी तिने उत्तर देण्याआधी कार्ड उलटलं आणि मागची बाजू नीट तपासून पाहिली.